लाल दिव्यावरची चिकटपट्टी

मी कॅमेरा बोलतोय. आजवर गप्प राहून नुसता बघत आलो. पण माझ्यावर एक आळ आलाय, म्हणून तोंड उघडतो.

जन्म कारखान्यातला, पण जग पाहिलं ते मालकिणीच्या हातात. तिची मावशी रस्त्याकडेच्या मोठाल्या भिंतींवर चित्रं काढायची आणि ही भाची मला तिपाईवर चढवून ते टिपायची. माणसंही काय एकेक! चित्रकार परांचीवर चढला, की खालून जाणाऱ्या प्रत्येकाला कलेतलं सगळं कळायला लागतं. "नाक मोठं झालंय हो!" मावशी वळूनही बघायच्या नाहीत.

त्यांची शेवटची भिंत शाळेची. हसऱ्या मुलीचा चेहरा होता. मावशींचे हात तेव्हा थरथरायला लागले होते, कपसुद्धा दोन्ही हातांनी धरायच्या. ओठाची रेघ मात्र एका दमात ओढायच्या.

"पुन्हा जमेल न जमेल. नीट घे गं बाई," त्या म्हणाल्या. "आणि त्या डबड्याचा लाल दिवा झाक आधी. टक लावून बघतोय मेला!"

डबडं! असो. भाचीने दिव्यावर काळी चिकटपट्टी लावली आणि तिथेच घात झाला. मी आधीच चालू होतो. उन्हात पडद्यावरचंही दिसेना. तिने चालू करायला बटण दाबलं, मी बंद झालो. वरचा ओठ रंगवून झाल्यावर बंद करायला दाबलं, मी चालू झालो.

दुपारी सावलीत बसून दोघींनी चित्रण बघितलं. भाचीच्या चपला, चहाचा कप, मावशींचे थरथरते हात. ओठाचा पत्ताच नाही. भाची रडायलाच लागली. मलाही फार वाईट वाटलं.

"खालचा ओठ राहिलाय अजून," मावशी म्हणाल्या.

"मग काढ ना. आता नीट घेते."

"माझा हात आता नाही ऐकायचा. तू चढ."

"मी? काहीतरीच काय मावशी! भिंत वाया जाईल."

"इतकी वर्षं काय बघत होतीस मग? मनगट नाही, खांदा हलव. चढ मुकाट्याने."

मावशींनी चिकटपट्टी ओरबाडून काढली, मला तिपाईवरून उतरवलं आणि दोन्ही हातांत घट्ट धरलं. लाल दिवा लागला. भाचीने श्वास रोखला आणि रेघ ओढली. जराशी जाड झाली, पण एका दमात.

आता मी कपाटात असतो. बॅटरी फुगलीय, झाकण दोऱ्याने बांधलंय. मावशी जाऊन चार वर्षं झाली. भाची ते चित्रण तिच्याकडे शिकणाऱ्यांना दाखवते आणि दरवेळी कुणीतरी म्हणतंच, "कॅमेरा फार हललाय हो. कॉम्प्युटरवर स्थिर करून देऊ का?"

"अजिबात हात लावायचा नाही," ती म्हणते.

माझंही तेच सांगणं आहे, बाबांनो. मी हललो नव्हतो. ते मावशींचे हात आहेत. तेवढेच उरलेत.