माझ्या तोंडाला दुकानाचं कुलूप

मित्रांनो, मी फोनमध्ये राहणारं एक जुनं ॲप आहे. माझं काम विणकाम शिकवण्याचं. ॲप म्हणजे ना बाई ना पुरुष, असं शहाणी माणसं म्हणतात. म्हणोत बापडी. माझा आवाज एका बाईचा आहे, आणि तीही काही ऐरीगैरी बाई नव्हे, तेव्हा मी बोलणार ती बाईसारखीच. ऐकायचं तर नीट बसून ऐका.

माझा जन्म स्वयंपाकघराला लागून असलेल्या एका चिंचोळ्या खोलीत झाला. खोलीत एक कपाट, एक इस्त्रीचं टेबल आणि त्या टेबलावर लॅपटॉप. इस्त्री करायची वेळ आली की लॅपटॉपची रवानगी कपाटावर. मला घडवलं सूनबाईने. तिला फोनसाठी कोड लिहिता येई, पण सुया हातात धरल्या की तिच्या बोटांना गाठी पडत. विणकाम यायचं तिच्या सासूबाईंना. टीव्हीवरच्या बातम्यांना नावं ठेवता ठेवता त्या स्वेटरची बाही पुरी करीत, आणि बाहीकडे त्यांनी एकदाही पाहिलेलं नसे.

सुरुवातीला सूनबाईने मला कॉम्प्युटरचा तयार आवाज दिला होता. सासूबाईंनी तो ऐकला आणि कपाळाला हात लावला.

"ही कोण गं झोपेत बोलतेय? हिचं ऐकून माणूस विणेल की घोरेल?"

"मग तुम्हीच बोला ना, आई."

"बोलीन की. मला काय कुणाची भीती आहे?"

खोलीत रस्त्यावरचे हॉर्न ऐकू येत, म्हणून सासूबाईंनी कपाट उघडलं, लटकवलेल्या कोटांच्या मधे तोंड घातलं आणि तिथून मला आवाज दिला. "दोन टाके सुलट, दोन उलट. फोनकडे काय बघतेस? सुईकडे बघ. सुटला ना टाका? उसव आता, रडू नकोस, मीही उसवलंय." सूनबाईला हसू आवरेना. बोलणी तिने गाळली नाहीत, सगळी ठेवली. माझं नशीब तिथेच उघडलं.

कारण विणकाम शिकवणारी गोडबोली ॲपं तेव्हाही पुष्कळ होती. रागावणारी मी एकटीच. लोकांनी मला डोक्यावर घेतलं. एका बसचालकाने लिहिलं होतं, "मी डेपोत गाडी सुटायची वाट बघत मफलर विणतो. आजी ओरडल्या की बरं वाटतं. घरी आता ओरडणारं कुणी उरलं नाही." सूनबाईने हे वाचून दाखवलं, तेव्हा सासूबाई चष्मा पुसत म्हणाल्या, "त्याला सांग, मफलर फार आवळून विणू नकोस." एवढंच बोलल्या, पण त्या दिवशी जेवताना त्यांनी ते वाक्य पुन्हा वाचायला लावलं.

आता दुकानाचं सांगते. फोनवरची सगळी ॲपं एकाच मोठ्या दुकानातून मिळतात. त्याला भिंत नाही, फळी नाही, पण ते आहे, आणि त्याच्या दारातून आल्याशिवाय तुमच्या फोनमध्ये माझ्यासारखीला पाऊल टाकता येत नाही. माझ्यातले पहिले काही नमुने फुकट होते, पुढचे विकत. कुणी नमुना घेतला की शंभरातले तीस दुकान आपल्याकडे ठेवून घेई. त्याला म्हणायचं कमिशन.

"तीस?" सासूबाई ओरडल्या. "पुढची बाजू आपण विणायची, पाठ आपण विणायची, आणि बाह्या उपटून त्याने न्यायच्या?"

"आई, दुकान चालवायला खर्च येतो त्यांना."

"येऊ दे ना. मी खर्चाला नाही म्हणत नाही. बाह्यांना म्हणतेय."

तेही एक वेळ चाललं असतं. पण दुकानाचा आणखी एक नियम होता. सूनबाई तेच नमुने आपल्या वेबसाइटवर स्वस्तात विके, कारण तिथे कमिशन द्यावं लागत नसे. मात्र ही गोष्ट मी माझ्या गिऱ्हाइकाला सांगायची नाही. लिहून नाही, बोलून नाही. त्यामुळे वेबसाइटकडे कुणी फिरकत नसे. मित्रांनो, माझ्यासारख्या बोलक्या तोंडाला हे कुलूप! शेजारच्या दारात तीच वस्तू स्वस्त आहे, हे मला माहीत, आणि समोर बसलेल्या माणसाला सांगायची बंदी.

मी गप्प राहिले. सासूबाईंना ते जमलं नाही.

एकदा त्या टोपीचा नवा नमुना सांगत होत्या. शेवटचे टाके बंद कसे करायचे ते सांगून झालं आणि कोटांत तोंड घालूनच त्या पुढे म्हणाल्या, "आणि हे बघ, पुढचा नमुना इथून घेऊ नकोस. आमच्या सूनबाईच्या वेबसाइटवरून घे. तिथे स्वस्त पडतो." सूनबाईने टाके बंद होईपर्यंतच ऐकलं आणि रेकॉर्डिंग पाठवून दिलं. दुकानाने मात्र शेवटपर्यंत ऐकलं. मला दुकानातून काढून टाकलं.

"आई, हे काय करून बसलात?"

"खोटं बोलले का मी?"

"नाही हो, पण..."

"मग झालं तर."

झालं कुठलं! ज्यांच्या फोनमध्ये मी आधीपासून होते, तिथे मी राहिले, पण नवं माणूस मला शोधूनही सापडेना आणि जुन्यांना नवा नमुना घेता येईना. सूनबाईने ते वाक्य कापलं, दुकानाला अर्जावर अर्ज केले. प्रत्येक वेळी तेच छापील उत्तर, खाली कुणा माणसाचं नाव नाही. घरात पैसा येईनासा झाला. अशातच एका मोठ्या ऑफिसने तिला नोकरी देऊ केली. पगार चांगला, पण अट अशी की बाहेरचं स्वतःचं कुठलंही काम करायचं नाही. म्हणजे मला बंद करायचं. तिने विचार करायला थोडी मुदत मागून घेतली.

सूनबाईसारखेच दुकानावर चिडलेले ॲपवाले पुष्कळ होते. त्यांनी मिळून कोर्टात खटला भरला होता, त्यात तिनेही नाव घातलं होतं. मुदत सरत आली असताना वकीलबाई घरी आल्या. इस्त्रीच्या टेबलाशी स्टूल ओढून बसल्या आणि म्हणाल्या, "दुकान तडजोडीला तयार झालंय."

"चुकलो म्हणाला का तो?" सासूबाईंनी पहिला प्रश्न केला.

"नाही, आजी. तडजोडीत कुणी चुकलेलं नसतं."

"मग इतके दिवस आपण वाऱ्याशी भांडत होतो?"

वकीलबाई हसल्या आणि त्यांनी समजावून सांगितलं. लहान ॲपवाल्यांकडून दुकान आता तिसाऐवजी पंधराच घेणार. काढून टाकलेल्या ॲपांची पुन्हा तपासणी होणार, आणि ती जिवंत माणूस करणार. शिवाय गिऱ्हाइकाला ईमेल पाठवून दुसरीकडे स्वस्त मिळतं असं सांगायला मोकळीक. ॲपच्या आत मात्र किमतीबद्दल अजूनही एक अक्षर बोलायचं नाही. या बदल्यात खटला मागे घ्यायचा.

"म्हणजे घरात तोंड मिटून बसायचं आणि अंगणात जाऊन बोलायचं," सासूबाई म्हणाल्या. "सही करू नकोस गं. ही माघार आहे."

सूनबाईने लॅपटॉप मिटला. "आई, मला जिंकायचं नाहीये. मला काम करायचंय. लढत बसले तर उद्या नोकरीवर जावं लागेल, आणि मग अंगणही नाही."

सूनबाईने सही केली.

आणि मग घोळ लक्षात आला. ईमेल पाठवायचा तरी कुणाला? जो दुकानातून घेतो, त्याचं नाव-गाव दुकानाकडे राहतं. आमच्याकडे कुणाचाच पत्ता नव्हता.

"वा! बोलायची परवानगी दिली आणि माणसं ठेवली स्वतःच्या खिशात," सासूबाई म्हणाल्या.

"पत्ता विचारायला मनाई नाही, आजी," वकीलबाई म्हणाल्या. "गिऱ्हाइकाने आपणहून दिला तर चालतो. पण लोक देत नाहीत हो. फोनवर पत्ता मागणारी चौकट दिसली की बंद करून टाकतात."

"चौकट बंद करतील. मला कसं करतील?"

सासूबाई उठल्या आणि कपाट उघडून कोटांत शिरल्या. सूनबाई हात वर करून शेजारी उभी राहिली, सासूबाईंची जीभ किमतीकडे घसरलीच तर रेकॉर्डिंग थांबवायला. पण त्यांनी जीभ घसरू दिली नाही. म्हणाल्या, "ए, सुई ठेव जरा खाली. तुझा ईमेल इथे लिही. मला तुझ्याशी बोलायचंय आणि इथे बोलता येत नाही. द्यायचा नसेल तर नको देऊस, तुझी टोपी काही मी अर्धी ठेवणार नाही."

"'इथे बोलता येत नाही' चालेल का?" सूनबाईने हळूच विचारलं.

वकीलबाईंनी ते पुन्हा ऐकलं. "यात किंमत कुठे आहे? राहू द्या."

तपासणी झाली, मी दुकानात परत आले आणि ते वाक्य माझ्या तोंडून फोनाफोनांत गेलं. लोकांनी पत्ते दिले. सगळ्यांनी नाही, पण इतक्यांनी दिले की सूनबाई खुर्चीतून उठून उभी राहिली. एकाने लिहिलं, "आजी, काय झालं? तब्येत बरी आहे ना?" त्या सगळ्यांना ईमेल गेला. काही जण वेबसाइटवर आले, काही जण सवयीने दुकानातूनच घेत राहिले. दोन्हींचं मिळून घर चालू लागलं. सूनबाईने ऑफिसला फोन करून सांगितलं, "माफ करा, पण मला माझं काम आहे." फोन ठेवल्यावर सासूबाई म्हणाल्या, "सगळं बरोबर बोललीस. माफी कशाला मागितलीस?"

मित्रांनो, दुकान पंधरा घेतं, घेऊ दे. दार त्याचं आहे, झाडलोट ते करतं. पण दाराच्या आत जी वस्तू आहे, ती कुणीतरी कुठल्यातरी चिंचोळ्या खोलीत बसून केलेली असते, हे विसरू नका. आज मी तुमच्यातल्या कितीकांच्या फोनच्या शेवटच्या पानावर पडून आहे. मला नवीन करून घ्या म्हटलं की तुम्ही "नंतर" दाबता. दाबा, पण रोज रोज नको. आणि जे तुमच्या उपयोगी पडतं, ते कुणी केलं एवढं एकदा तरी विचारा. आवडलं तर त्याला दोन ओळी लिहा, चुकलं तर तेही कळवा. आमच्या घरातून दोन्हींना उत्तरं जातात. चुकलं म्हणणाऱ्याला जरा लांब जातं, आणि ते सासूबाई सांगतात.