नवव्या झाडावरची कुऱ्हाड

एप्रिलमधल्या दुसऱ्या रविवारी सिग्नेने खुंटीवरचा नवऱ्याचा, रुनेचा, कोट काढला, झटकला, पुन्हा तिथेच अडकवला आणि स्वतःचा कोट घालून ती घराबाहेर पडली. नोव्हेंबरमध्ये तो गेल्यापासून दुकान आणि चर्चमागची दफनभूमी यांपलीकडे ती कुठे गेली नव्हती. आज प्रश्नफेरी होती. शाळेत विज्ञान शिकवणारी मालिन गुरुवारी दारात उभी राहून सांगून गेली होती, "याल ना? तुम्ही नसलात तर फेरी अर्धीच वाटेल." सिग्ने नुसते "बघू" म्हणाली होती. त्या गावात "बघू"चा अर्थ नाही असाच होतो. पण मालिनला गावात येऊन तीनच वर्षे झाली होती. ती त्याला होकार समजून आनंदाने निघून गेली. तिचा तो गैरसमज मोडणे सिग्नेच्या जिवावर आले.

बर्फ वितळू लागला की क्रीडा मंडळ दर रविवारी तळ्याकाठच्या पायवाटेवर बारा झाडांना बारा प्रश्न बांधत असे. प्रत्येक प्रश्नाला तीन उत्तरे. हातातल्या चिठ्ठीवर निवडलेल्या उत्तराची खूण, म्हणजे एक, फुली किंवा दोन, लिहायची आणि पुढच्या झाडाकडे चालू लागायचे. ज्याची सर्वाधिक उत्तरे बरोबर, त्याला कॉफीचा पुडा. कितीतरी वर्षे हे प्रश्न रुनेने काढले होते. कागद कारखान्यात तो वीजतंत्री होता, आणि माणूस ज्या वस्तू रोज हाताळतो त्यांचे थोडेफार विज्ञान त्याला ठाऊक असलेच पाहिजे, असे त्याचे ठाम मत होते. पावात भोके कशाने पडतात, रस्त्यावरच्या बर्फावर मीठ का टाकतात, विजेनंतर गडगडाट उशिरा का ऐकू येतो, असे त्याचे प्रश्न असत. तो ते गॅरेजमध्ये बसून लिही आणि सिग्नेला चुकूनही दाखवत नसे.

फक्त नववा प्रश्न दर वसंतात तोच असे आणि तो साऱ्या गावाला पाठ होता. उणे दहा अंशांच्या थंडीत लाकडांच्या खोलीत एक कुऱ्हाड रात्रभर पडून आहे. सकाळी तिचा कोणता भाग अधिक थंड असेल? एक: पाते. फुली: दोन्ही सारखेच. दोन: दांडा.

रुनेचे उत्तर होते एक.

सिग्नेची सारी नोकरी औषधांच्या दुकानात तराजू आणि तापमापक हाताळण्यात गेली होती. पहिल्याच वर्षी तिने फुली लिहिली आणि एक गुण गमावला. त्या संध्याकाळी स्वयंपाकघरात तिने त्याला समजावले की रात्रभर एकाच हवेत पडलेल्या वस्तू शेवटी त्या हवेइतक्याच थंड होतात. लोखंड हातातली ऊब झपाट्याने ओढून घेते म्हणून ते जास्त गार लागते. लाकूड ती सावकाश घेते. रुनेने शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाला, "पात्याला जीभ लाव. मग दांड्याला लाव. मग बोलू." लहानपणी लोखंडी कठड्याला जीभ चिकटलेली नाही असा माणूस त्या गावात शोधून सापडला नसता, त्यामुळे त्याचा हा मुद्दा दरवर्षी भाव खाऊन जाई. पुढच्या वसंतातही सिग्नेने फुलीच लिहिली, आणि त्याच्याही पुढच्या. तिला कॉफीचा पुडा कधीच मिळाला नाही. हरल्याचे तिला कधी फारसे वाईटही वाटले नाही. मार्च सरत आला की जेवणाच्या टेबलावर वादाला तोंड फुटे, आणि थंडी संपल्याची खूण दोघांना त्यातच पटे.

मंडळाच्या लाकडी घरापाशी सॉसेज भाजल्याचा वास सुटला होता. टेबलामागे बसलेल्या एव्हर्टने सिग्नेला येताना पाहिले, आणि सवयीने त्याच्या हातून चिठ्ठ्या फाडल्या गेल्या त्या दोन. मग त्याच्या लक्षात आले. दोन्ही चिठ्ठ्या धरून तो तसाच बसून राहिला.

"एकच दे," सिग्ने म्हणाली.

"हो, तेच." दुसरी चिठ्ठी त्याने शर्टाच्या खिशात सारली. "पेन्सिलीला टोक नाहीये. मंडळाने टोकयंत्र घ्यावं म्हणून मी किती वर्षं ओरडतोय."

"तू मंडळाचा अध्यक्ष आहेस, एव्हर्ट."

"म्हणून तर कोणी ऐकत नाही."

ती वाटेला लागली. सावलीत अजून मळकट बर्फाचे पट्टे उरले होते. पहिल्या झाडावरचा प्रश्न मालिनने टंकलेला होता: चावतो तो डास नर की मादी? चौथ्यावर सूर्याचा प्रकाश पृथ्वीपर्यंत पोचायला किती वेळ लागतो, असे विचारले होते; सहाव्यावर, तळे वरूनच का गोठते. प्रश्न चांगले होते. रुनेचे तिसरे उत्तर नेहमी खट्याळ असे; डासांच्या प्रश्नात त्याने "चावते ती सासू" असे नक्की घातले असते. मालिनची तिन्ही उत्तरे प्रामाणिक होती. सिग्नेने भराभर आठ उत्तरे लिहिली आणि आपण हळू चालू लागलो आहोत हे तिच्या ध्यानात आले.

नवव्या झाडावर जुनाच कागद होता. प्लास्टिकचे पाकीट पिवळे पडले होते आणि आत रुनेचे उभट, कारखान्याच्या पाट्यांवर असत तसले अक्षर होते. मालिनने तो तसाच राहू दिला होता. शेजारी त्याने काढलेली छोटी कुऱ्हाडही होती. तिचा दांडा फार लांब झाला होता. त्याला चित्रकला कधीच जमली नाही.

सिग्ने पेन्सिल धरून उभी राहिली. आज इथे काय लिहायचे, हा प्रश्न घरातून निघताना तिला पडलाच नव्हता. फुली. ते उत्तर बरोबर होते आणि संध्याकाळपर्यंतही बरोबरच राहिले असते. पण संध्याकाळी स्वयंपाकघरात तिला "जीभ लाव" म्हणणारे कोणी नसणार होते. समोर कोणी नसताना आपला मुद्दा खरा ठरवून काय मिळवायचे? जिवंत असताना आपण त्याला एकदाही जिंकू दिले नाही, असेही तिच्या मनात येऊन गेले. मागून एक कुटुंब बोलत-हसत वर येत होते. सिग्नेने घाईघाईने नवव्या चौकोनात "एक" लिहिले आणि ती पुढे निघाली.

आपण समजूतदारपणा केला, असे तिला वाटायला हवे होते. प्रत्यक्षात दहाव्या झाडावरचा प्रश्न तिने दोनदा वाचला, तरी तो तिच्या डोक्यात शिरला नाही. त्याच्याशी सहमत होणे म्हणजे त्याचे दार आपल्या हाताने लावून घेण्यासारखे आहे, असे तिला वाटू लागले. परत जाऊन उत्तर खोडावे, म्हणून ती दोनदा थांबली. उरलेली तीन उत्तरे तिने कशीतरी लिहिली, चिठ्ठी डब्यात टाकली आणि निकालाला न थांबता घरी जायचे ठरवले. पण एव्हर्टने तिच्या हातात कॉफीचा पेला आणि दालचिनीचा पाव ठेवला. पेला हातात असताना निघून जाणे बरे दिसले नसते.

निकालाच्या वेळी सगळे लाकडी घरात दाटीवाटीने बसले. मालिन उत्तरे वाचू लागली. आठव्यापर्यंत तिचा आवाज स्वच्छ होता. मग तिने घसा खाकरला.

"नववा. उत्तर फुली. दोन्ही सारखेच थंड."

बाकांवर कुजबुज सुरू झाली.

"फुली?" मागून कोणीतरी म्हणाले. "अगं, तिथे एक असतं. कायमच एक असतं."

"माहीत आहे," मालिन म्हणाली. तिची मान लाल झाली होती. "प्रश्न मी बदलला नाही. तो रुनेंचाच राहील. पण उद्या शाळेत मुलं मला विचारणार, आणि मला... सिग्ने, मी आठवडाभर विचार करत होते. तुम्हाला वाईट वाटावं म्हणून नाही."

सगळ्या नजरा सिग्नेकडे वळल्या. आता ती रडेल किंवा उठून जाईल, अशी धास्ती त्या नजरांत होती. सिग्नेने पेला खाली ठेवला. तीस वर्षांचे आपले उत्तर आपण सोडावे आणि नेमके त्याच दिवशी ते बरोबर ठरावे, या योगायोगावर आधी तिला राग आला. मग तिने तोंड उघडले, आणि बाहेर पडले ते शब्द तिचे नव्हते.

"पात्याला जीभ लाव," ती मालिनला म्हणाली. "मग दांड्याला लाव. मग बोलू."

एव्हर्ट फस्सकन हसला.

"जीभ फसवते," मालिन सावरून म्हणाली. "लोखंड ऊब लवकर ओढतं, म्हणून..."

"जीभ फसवते म्हणे. आयुष्यभर जिच्या भरवशावर जेवलीस ती जीभ खोटी, आणि पुस्तक खरं? पुस्तक लिहिणारा कधी लाकडं फोडायला गेला होता का?"

हे दुसरे वाक्यही रुनेचेच होते. त्यानंतरचे तिसरेही तिच्या जिभेवर तयार होते. त्याचा प्रत्येक मुद्दा, तो कोणत्या क्रमाने येई, कुठे तो बोट टेबलावर आपटी, हे सारे तिला पाठ होते. आणि पलीकडून ही मुलगी जी उत्तरे देत होती ती सिग्नेची स्वतःची होती, शब्द तेवढे वेगळे. सिग्नेने बोट टेबलावर आपटले. गाव ऐकत होते.

"बरं," मालिन म्हणाली आणि तिने भिंतीवरचा लोखंडी तवा काढून टेबलावर पावाच्या लाकडी फळीशेजारी ठेवला. "दोन्ही सकाळपासून याच खोलीत आहेत. एव्हर्ट, हात लावून सांगा, जास्त गार काय?"

"तवा," एव्हर्ट म्हणाला. "हे काय विचारणं झालं."

"मग बर्फ कशावर जास्त वेळ टिकेल?"

"तव्यावर," चारपाच जण म्हणाले.

मालिनने सिग्नेकडे पाहिले. काय होणार हे सिग्नेला पक्के ठाऊक होते. दुकानात नव्याने येणाऱ्या मदतनीस मुलींना ती स्वतः हे करून दाखवत असे. तिने हाताची घडी घातली. "तव्यावरच," ती ठणकावून म्हणाली. "गार आहे म्हटल्यावर."

तळ्याकाठचे बर्फाचे दोन सारखे तुकडे आणले गेले. फळीवरचा तुकडा स्वस्थ बसून राहिला. तव्यावरच्या तुकड्याभोवती लगेच पाणी धरले, तो घसरू लागला आणि बघता बघता पातळ झाला. बाकांवरचे लोक उठून टेबलाभोवती गोळा झाले.

"हा तर वितळतोय," एव्हर्ट म्हणाला. "गार तव्यावर वितळतोय हा."

"तवा गार नाहीच. फळीइतकाच आहे," मालिन म्हणाली. "तुमच्या हातातली ऊब पटकन घेतो तो, म्हणून गार लागतो. आणि बर्फाला तीच ऊब तितक्याच पटकन देतो, म्हणून बर्फ आधी जातो."

सिग्नेने वाकून पाहिले. पुढचा मुद्दाही तिला शोधावा लागला नाही. रुने अशा वेळी काय म्हणाला असता हे तिला माहीत होते. "हा तवा आहे," ती म्हणाली. "प्रश्न कुऱ्हाडीचा होता. आणि तो उणे दहाचा."

आता मात्र सगळेच हसले, आणि त्यांच्याबरोबर सिग्नेही. ते हसू आपल्याच घशातून येते आहे, हे तिच्या थोडे उशिरा लक्षात आले.

नवव्या प्रश्नाचे उत्तर कोणाचेच बरोबर आले नव्हते, त्यामुळे निकालात काही फरक पडला नाही. कॉफीचा पुडा दरवर्षीप्रमाणे टपाल कचेरीजवळच्या त्याच कुटुंबाने नेला. लोक पांगल्यावर मालिन तवा पुसत सिग्नेजवळ आली.

"मी तसंच राहू द्यायला हवं होतं का?"

"अजिबात नाही. भिडेखातर हो म्हणणारी माणसं त्याला सहन व्हायची नाहीत." सिग्नेने आपला पेला बाजूला सरकवला. "आज मी एक लिहिलं."

"तुम्ही?" मालिनचा हात थांबला. "एव्हर्ट तर म्हणत होते, तुम्ही दरवर्षी फुलीच लिहिता. मला वाटलं, निदान एक तरी उत्तर बरोबर येईल."

"भांडायला तो नव्हता, म्हणून." सिग्नेने फळीवर उरलेला बर्फाचा तुकडा बोटाने ढकलला. "रात्री अजून पाणी गोठतंय. पुढच्या रविवारी कुऱ्हाड मी आणते, रात्रभर लाकडांच्या खोलीत ठेवलेली. तापमापक तू आण. आणि तयारी करून ये. रुनेच्या बाजूने बोलणार आहे मी; त्याचे मुद्दे अजून संपलेले नाहीत."

"आणि तुमच्या बाजूने?"

"तू आहेस की."

एव्हर्ट पेन्सिली गोळा करत होता. सिग्ने त्याच्या टेबलापाशी थांबली आणि तिने हात पुढे केला.

"खिशातली चिठ्ठी दे. पुढच्या वेळी दोन लागतील मला. एकीवर फुली, एकीवर एक."

"एका माणसाला दोन चिठ्ठ्या? नियमात बसत नाही ते."

"मग मंडळाच्या अध्यक्षाकडे तक्रार कर," सिग्ने म्हणाली.

एव्हर्टने चिठ्ठी काढून टेबलावर ठेवली आणि तिच्यावरची सुरकुती अंगठ्याने नीट केली.