एक रेघ कमी

रंगाऱ्याच्या व्हॅनमध्ये त्या सकाळी रंगाचे डबे नव्हते. मागे गादी अंथरलेली होती आणि गादीवर पंधरा वर्षांची पोरगी उताणी पडून होती. घरात तिला सगळे गोटी म्हणत. तिला काही झालं नव्हतं; झालं होतं ते बापाच्या डोक्याला.

टेनिस अकादमीचं पत्र आल्यापासून रंगाऱ्याला धड बसवत नव्हतं. निवड चाचणी सकाळी नऊला, मुलींची उंची किमान एकशे पासष्ट सेंटिमीटर. त्याखाली बारीक अक्षरात आणखी एक ओळ होती, पण तो एकशे पासष्टलाच अडकला आणि पुढचं त्याने वाचलंच नाही. गोटी सकाळी अंथरुणातून उठल्या उठल्या एकशे पासष्टवर मिलिमीटरच्या दोन रेघा भरायची. संध्याकाळी तीच पोरगी एकशे चौसष्टला एक रेघ कमी. दिवसभर उभं राहून, उड्या मारून माणूस दबतो, हे त्याला कुठूनसं कळलं होतं, आणि महिनाभर दारामागे पेन्सिलीच्या खुणा करून त्याने ते पडताळूनही घेतलं होतं. मग उपाय सोपा. पोरीला उभंच राहू द्यायचं नाही.

"मुलगी आहे की कपाट, आडवं टाकून नेताय ते?" बायको कामावर जाता जाता म्हणाली होती.

तिला बोलणं सोपं होतं, ती त्याच्यापेक्षा चार बोटं उंच. गोटी मात्र बापावर गेली, आणि त्याचं खापर त्याने स्वतःच्याच डोक्यावर फोडून घेतलं होतं. दुसरे लोक चवड्यांवर उभे राहून जिथे हात पोचवतात, तिथे त्याला आयुष्यभर शिडी लागली होती. पोरीला आपण दिलं काय, तर हे.

दोन तासांचा रस्ता. गोटीला एका जागी पडून राहणं म्हणजे शिक्षाच. ती व्हॅनच्या टपाला आतून चेंडू आपटून झेलत होती. टप, टप, टप.

"बाबा, बसू का आता?"

"नाही."

"नुसती कोपरावर?"

"पडून राहा म्हटलं ना!"

"पायाला मुंग्या आल्यात. मुंग्या आलेल्या पायाची उंची धरतात का रे?"

फाटकाशी व्हॅन थांबवून त्याने मागचं दार उघडलं आणि पाठुंगळी घेऊ का म्हणून विचारलं. "हात लावलास तर इथूनच घरी जाईन," असं म्हणून गोटीने खाली उडी मारली. त्या उडीत अर्धी रेघ तरी गेली असणार, असं वाटून त्याचा जीव हळहळला.

मुख्य प्रशिक्षक बाई पन्नाशीच्या होत्या, आवाज खणखणीत. "आधी एक सेट खेळायचा, मापं नंतर," त्यांनी सगळ्यांना सांगितलं.

रंगारी पुढे सरकला. "बाई, आधी मापं घेतली तर?"

"का? खेळून पोरी आटतात का?"

सगळे पालक हसले. तोही हसला, दुसरं करणार काय.

गोटीसमोर जी मुलगी आली तिचं नाव त्याने मनातल्या मनात शिडी ठेवलं. शिडीची सर्व्हिस छतावरून टाकल्यासारखी खाली यायची. गोटीला तेवढा हात नव्हता. चेंडूबरोबर ती स्वतः हवेत उडाली तरच तिची सर्व्हिस जोरात जाऊन नेटपलीकडे नीट उतरायची. पहिला गेम ती तशाच उड्या मारून जिंकली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. बाप उड्या मोजत होता. सतरा!

त्याला राहवेना. बाजू बदलताना गोटी जवळून गेली तेव्हा तो कुंपणाच्या जाळीला तोंड लावून पुटपुटला, "उडू नकोस. मापं राहिलीत अजून."

ती त्याच्याकडे बघत राहिली. मग तिसऱ्या गेमला सर्व्हिस तिच्याकडे आली तेव्हा तिने पाय उचलले नाहीत. चेंडू नेटमध्ये. पुन्हा नेटमध्ये. तो गेम गेला, पाचवाही तसाच गेला. रंगाऱ्याला आता जाळी चढून आत जावंसं वाटत होतं, पण आत जाऊन सांगणार काय? उड असं की नको उडूस असं?

पुढे त्याने काही सांगायची वेळच आली नाही. गोटीने त्याच्याकडे बघायचं सोडलं आणि पुन्हा उडायला लागली. लांबच्या चेंडूंवर धावली, पडली, गुडघा सोलला, उठली. सेट शिडीने घेतला, सात-पाच. दोन गेमचाच फरक, आणि ते दोन गेम कुठे गेले हे त्या मैदानावर एकाच माणसाला पक्कं ठाऊक होतं. त्याला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली.

मापाच्या खोलीत गोटी भिंतीला टेकून उभी राहिली. बाईंनी फळी डोक्यावर टेकवली. "एकशे चौसष्टला एक रेघ कमी."

रंगाऱ्याने खाली बघितलं.

"आई-वडिलांचीही उंची बघतो आम्ही," बाई म्हणाल्या. "पोरगी अजून वाढेल असं दिसलं तर सवलत देता येते. आईची फॉर्मवर आहे. तुम्ही या."

त्याने बूट काढले. भिंतीला पाठ लावली. आता पोरीचं जे काही व्हायचं ते आपल्या डोक्यावर ठरणार, एवढंच त्याला कळत होतं. मोज्यांच्या आत त्याच्या टाचा हळूच उचलल्या गेल्या, कोणाला दिसणार नाही इतक्याच.

गोटी खाली फरशीवर बसून बुटाची नाडी बांधत होती. टाचा नेमक्या तिच्या डोळ्यांसमोर होत्या.

"बाबा," ती हळू आवाजात म्हणाली, "टाचा टेकव."

त्याने टेकवल्या.

"एकशे त्रेसष्ट," बाई म्हणाल्या. "म्हणजे ही काही फारशी वाढायची नाही." त्यांनी ते लिहून घेतलं आणि पेन खाली ठेवलं. "मला एक सांगा. तिसऱ्या आणि पाचव्या गेमला हिचे पाय जमिनीला का चिकटले होते? घाबरते का पोरगी?"

गोटी मान खाली घालून नाडीच बांधत राहिली. बापाला अडचणीत आणायचं तिच्या जिवावर आलं होतं, हे त्याला तिच्या मानेवरूनच दिसलं.

"ती नाही घाबरत, बाई," तो म्हणाला. "मी घाबरलो. उड्या मारल्या तर उंची कमी भरेल, म्हणून मीच तिला उडू नकोस म्हटलं. ते दोन गेम माझे."

बाईंनी विचारलं, "आमच्या पत्रातली शेवटची ओळ वाचलीत?"

"नाही."

"एक जागा मी माप न बघता, नुसता खेळ बघून देते, असं लिहिलंय तिथे." त्यांनी गोटीचा फॉर्म उचलून दुसऱ्या गठ्ठ्यावर ठेवला. "सोमवारी सात वाजता हिला पाठवा. मात्र तुम्ही येऊ नका."

गोटीने बसल्या जागेवरून उठून उंच उडी मारली. रंगारी डोळे पुसत बूट शोधत होता, आणि ते त्याच्या हातातच होते.