न सापडणारी पिशवी

सोमवारी सकाळी दहा चाळीसला तिला ऑफिसात नणंदेचा फोन आला. नणंद रक्तपेढीत काम करायची. या वेळी ती गप्पा मारायला फोन करणार नव्हती.

"वहिनी, पान उघडेना. नुसतं गोल गोल फिरतंय. ऑपरेशनवाले डोक्यावर उभे आहेत आणि मी पुन्हा जुनी वही काढून बसलेय."

"दोन मिनिटं द्या वन्सं."

तिने सर्व्हर बंद करून पुन्हा चालू केला. पान उघडलं. आठवड्याभरात हे सहाव्यांदा घडत होतं. मधला रविवार तेवढा सुखाचा गेला होता.

रक्तपेढीचं हे वेब ॲप्लिकेशन तिने जावा या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत बांधलं होतं. मुलीच्या पाठी सात वर्षं घरी काढून ती कामावर परतली होती आणि परतल्यावरचं हे पहिलंच मोठं काम. त्यामुळे ते बंद पडलं की तिला जास्तच झोंबायचं.

दुपारच्या मीटिंगमध्ये मॅनेजरने तोडगा काढला. "रोज दहाला आणि अकराला सर्व्हर आपोआप बंद-चालू करायचा. विषय संपला."

"संपला कसा? नेमकं त्याच वेळी कुणाला रक्त लागलं तर?"

"मग दोष कुठाय ते सांगा."

"डेटाबेस दमतोय," ती म्हणाली. तोंडातून निघून गेलं.

कोपऱ्यात बसलेले डेटाबेस सांभाळणारे काका चष्मा काढून तिच्याकडे वळले. बावीस वर्षं त्यांनी तो डेटाबेस पोटच्या पोरासारखा जपला होता. "बरं," एवढंच म्हणाले आणि उठून गेले. त्यानंतर त्यांनी तिच्याशी बोलणंच टाकलं.

मॅनेजरने गुरुवारपर्यंतची मुदत दिली.

ॲप्लिकेशन आणि डेटाबेस यांच्यात दहा कनेक्शनं होती. प्रत्येक कामाने एक घ्यायचं आणि काम झालं की परत करायचं, ग्रंथालयातल्या पुस्तकासारखं. लॉगमध्ये, म्हणजे सर्व्हरच्या नोंदवहीत, एकच रड होती : कनेक्शन मिळालं नाही. तिने दहाची पन्नास केली. मंगळवार निभावला, बुधवार निभावला. मॅनेजरने येताजाता अंगठाही दाखवला. पण तिला चैन पडेना. ती मोकळ्या कनेक्शनांचा आकडा बघत होती आणि तो रोज सकाळी खाली यायचा, तो वर जायचाच नाही. दुखणं बरं झालं नव्हतं, फक्त पुढे ढकललं गेलं होतं.

गुरुवारी पुन्हा फोन आला. या वेळी तिने लगेच सर्व्हरला हात लावला नाही.

"वन्सं, एकच मिनिट वहीवर काढा. मला आत बघू दे."

आत त्या क्षणी कोण काय करतंय, याची यादी तिने सर्व्हरकडून काढून घेतली आणि मगच तो पुन्हा चालू केला. यादी वाचता वाचता तिचे कान तापले. सगळी कामं कनेक्शनची वाट बघत रांगेत उभी होती. डेटाबेसकडे एकही काम चालू नव्हतं. तो दमला नव्हता, तो निवांत बसून होता. पन्नासच्या पन्नास कनेक्शनं कुणीतरी नेली होती आणि परत न करताच निघून गेलं होतं.

म्हणजे दोष आपल्याच कोडमध्ये. तिने दिवसभर प्रत्येक पान वापरून पाहिलं. नोंदलेली रक्ताची पिशवी शोधली, रक्तगट बदलला, नोंद छापली. आकडा जागचा हलेना.

"मला अजून एक दिवस द्या," तिने मॅनेजरला सांगितलं. "उद्या सकाळी मी रक्तपेढीत जाऊन बसते."

"तिथे बसून काय होणार?"

"इथे बसून काय झालं?"

शुक्रवारी दहा वाजता ती नणंदेच्या शेजारी स्टुलावर बसली, मांडीवर लॅपटॉप. सव्वादहाला रक्तदान शिबिरातून आलेली पिशव्यांची पेटी उघडली. नणंदेने पहिली पिशवी उचलून तिचा बारकोड स्कॅन केला. पडद्यावर आलं : ही पिशवी सापडली नाही.

"सापडली नाही?"

"कशी सापडेल? आत्ता तर आलीय. आधी नाही म्हणतं, मग मी नवी नोंद करते. रोजचंच आहे."

लॅपटॉपवरचा आकडा एकाने खाली आला होता.

"वन्सं, दुसरी करा."

आणखी एक गेलं. तिसऱ्या पिशवीला तिसरं. ती हसायलाच लागली.

"काय झालं हो?"

"अहो, मी इतके दिवस सापडणारीच पिशवी शोधत होते!"

तिने कोड तिथेच उघडलं. पिशवी मिळाली तर माहिती दाखवायची आणि कनेक्शन परत करायचं, हे नीट लिहिलेलं होतं. मिळाली नाही तर मात्र मधूनच काम आटोपतं घेतलेलं, परत करण्याची ओळ त्याच्या खाली राहिलेली. रविवारी पेटी येत नाही, म्हणून रविवारी काही होत नव्हतं. आणि ते कोड दुसऱ्या कुणाचं नव्हतं, तिचंच होतं.

काम कसंही संपलं, चुकून मध्येच मोडलं तरी, कनेक्शन आपोआप परत जावं अशी सोय जावामध्ये असते. ऑफिसात येऊन तिने ती वापरली. चार ओळी बदलल्या. मग अस्तित्वातच नसलेली पिशवी हजार वेळा शोधून बघितली. आकडा ढिम्म हलला नाही.

दुपारी मीटिंगमध्ये ती उभी राहिली. "दोष माझ्या कोडमध्ये होता. काका, मी शहानिशा न करता तुमच्या डेटाबेसवर ढकललं, तेही सगळ्यांसमोर. म्हणून सगळ्यांसमोरच सांगते, माझं चुकलं."

काकांनी चष्मा पुसला, डोळ्यांवर चढवला. "कुठलं कनेक्शन किती वेळ अडकून पडलंय, त्याची यादी माझ्याकडे रोज निघते. तुम्ही मागितली असतीत तर पहिल्याच दिवशी दिली असती." मग म्हणाले, "आणि मीही रुसून बसायला नको होतं. तिथे माणसं खोळंबली होती."

मॅनेजरने सुटकेचा निःश्वास टाकला. "चला, मिटलं."

"नाही मिटलं," ती म्हणाली. "असं मधूनच काम आटोपतं घेण्याची सवय मला एकाच जागी लागली असेल का? सगळं कोड तपासते."

"सगळं? चाळीस पानं आहेत!"

"मग चाळीस."

काका आपली खुर्ची ओढत तिच्या टेबलाशी आले. ती कोड वाचायची, ते आपल्या यादीशी ताडून बघायचे. संध्याकाळी ऑफिस सुटेपर्यंत अकरा पानं झाली आणि तसाच दोष आणखी एका जागी निघाला, रक्तदात्याचा पत्ता बदलण्याच्या पानावर. तिने तो दुरुस्त केला.

"सोमवारी बाराव्या पानापासून," काका म्हणाले.

"नऊला येते," ती म्हणाली.