हळदीची चाल

पूर्वी देवनहळ्ळीच्या घरी जात्यावर हळद दळताना ओव्या गाणारा थोरल्या बहिणीचा, अहल्याअक्काचा आवाज वसुमतीच्या कानांत अजून तसाच होता. आणि आता राजाजीनगरात, थोरल्या भावाच्या, त्रिविक्रमअण्णाच्या रेडिओनाटकातलं प्रेमगीत त्याच चालीवर ठुमकत होतं, वर गिटार नि शीळ. गल्लीतली पोरं दिवसभर तेच गुणगुणायची.

"चाल मला हेब्बाळच्या तळ्याकाठी सुचली," अण्णा पाहुण्यांना सांगत होता.

"तळ्यातल्या बेडकांनी शिकवली असेल," कॉफी ठेवत वसुमती म्हणाली.

पाहुणे हसले. अण्णा म्हणाला, "मग तू स्वल्प गाऊन दाखव की, वसू."

कोपऱ्यात अक्का मान खाली घालून अवरेच्या शेंगा सोलत होती. वसुमतीला आजवर गिळलेलं आता गिळवेना.

"चाल अक्काची आहे, अण्णा. ती विधवा म्हणून माझ्या हळदीला तिला गाऊ दिलं नाहीस, तो तूच."