मधे आलेले पान

मी एक जुनी लेन्स आहे, मित्रांनो. हातभर लांब, दूरचे जवळ दाखवणारी. कारखान्यात माझी काच घासणाऱ्या कारागिराने मला उजेडापुढे धरून म्हटले होते, "हिच्या नजरेतून काही सुटायचं नाही." तसेच झाले. झाले नसते तर बरे होते.

मला दातांच्या एका डॉक्टरांनी विकत घेतले. रोज लोकांच्या तोंडात डोकावणारा हा माणूस सुटीच्या दिवशी मला घेऊन झुडपांत डोकावायचा. एकदा आम्हाला बुलबुलाचे घरटे सापडले. आत दोन उघडी पिल्ले, त्यांच्यावर बसलेली आई आणि वर छत्रीसारखे एक रुंद पान. डॉक्टरांनी अगदी जवळून फोटो काढला. पण पानाची कड आईच्या डोळ्यावर आली.

तो फोटो त्यांनी छायाचित्र मंडळात पडद्यावर दाखवला. तिथल्या गुरुजींना सगळे त्यांच्या माघारी 'कात्री' म्हणत.

"डॉक्टर, पक्षी काढायला गेला होतात की पालेभाजी आणायला?" कात्री म्हणाले. सगळे खो खो हसले. "डोळा झाकला की फोटो मेला. एवढे दात उपटता, एक पान उपटता आलं नाही?"

डॉक्टरही हसले, पण त्यांचे कान लाल झाले होते.

दुसऱ्याच दिवशी त्यांनी ते पान देठासकट कापले, मला स्टँडवर चढवले आणि स्वतः सावलीत बसले. ऊन सरळ घरट्यात उतरले. आई परत आली. पिल्लांवर पंख पसरून उभी राहिली, चोच वासून धापा टाकू लागली. तिचा गळा थडथडत होता.

"अशीच थांब हं, बाळा," डॉक्टर कुजबुजले.

ती थांबली. दुसरे काय करणार होती?

नवा फोटो पाहून कात्री उठून उभे राहिले. "याला म्हणतात फोटो! डोळ्यातली चमक बघा, पीस न् पीस बघा. आणि ही उघडी चोच! पिल्लांना गाणं शिकवतेय हो!" टाळ्यांचा कडकडाट झाला. पहिले बक्षीस मिळाले.

फोटो घरी भिंतीवर लागला. डॉक्टरांच्या बायकोने तो बराच वेळ न्याहाळला.

"अहो, ही गात नाहीये. तापलीय बिचारी. पिल्लांचं पुढे काय झालं?"

"लोक अभिनंदन करतायत आणि तुझं आपलं भलतंच!"

पण त्यांना ठाऊक होते. फोटो काढल्यावर आम्ही पुन्हा एकदा तिथे गेलो होतो. घरट्यात पिल्ले वाळून पडली होती, त्यांच्यावर मुंग्या चढल्या होत्या. आई शेजारच्या फांदीवर चोचीत अळी धरून बसली होती. डॉक्टरांनी माझ्यातून ते सगळे पाहिले. "छे, आता इथे काही मिळायचं नाही," म्हणाले आणि माझ्या तोंडावर झाकण लावले.

आता त्यांच्याकडे माझ्याहून लांब नजरेची नवी लेन्स आहे. मी कपाटात असते. माझ्या काचेवर बुरशी आली आहे. त्याचे मला फारसे वाईट वाटत नाही.

मित्रांनो, पक्षी जरूर पाहा, फोटोही काढा. पण कोणी म्हणालेच, "मधलं पान तेवढं काढून टाक," तर हात मागे घ्या. त्या पानापलीकडे कोणाचे तरी घर आहे. तुमचा फोटो बिघडला तर बिघडू द्या.