मामांच्या भुवया

औषधाच्या बाटल्या भरणाऱ्या त्या कारखान्यात दुसऱ्या पाळीच्या मुकादमाला सगळे मामा म्हणत. खरं तर ते मामा एकीचेच, झाकणाच्या टेबलावर बसणाऱ्या भाचीचे. पण तिचं ऐकून ऐकून वयाने मोठा फिटरही त्यांना मामा म्हणू लागला होता आणि मामांना ते आवडत होतं.

बाटल्या वाहून नेणाऱ्या सरकत्या पट्ट्यावर लाल दोरी टांगलेली होती. काही चुकलं तर कोणीही ओढावी, पट्टा थांबेल, जाब कोणी विचारणार नाही, असा नवा नियम. मामांनीच तो पाळीला समजावून सांगितला होता. तरी दोरी कोणी ओढेना आणि सैल झाकणांमुळे गळलेल्या बाटल्यांची खोकी दुकानांतून परत येत राहिली. असंच चाललं तर दुसरी पाळी बंद, असं साहेबांनी सांगून टाकलं.

कर्मचारी विभागाच्या बाई दिवसभर पट्ट्यापाशी उभ्या राहिल्या. मग मामांना बाजूला घेऊन म्हणाल्या, "दोरीकडे हात जाण्याआधी प्रत्येकाची मान तुमच्याकडे वळते. तुमच्या भुवया चढलेल्या दिसल्या, की हात खाली."

"मी कधी कोणाला अवाक्षर बोललोय का?"

"बोलायची गरजच पडत नाही, मामा."

"मग काय, भुवया घरी ठेवून येऊ?"

"नको. पट्ट्याकडे पाठ करून उभे राहा."

मामांचा पारा चढला. इतकी वर्षं ज्या पट्ट्यावरून नजर हलवली नाही, त्याच्याकडे पाठ? पण पाळी गेली तर भाचीचंही काम जाणार. बहिणीला काय तोंड दाखवायचं? सोमवारी ते मुकाट भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.

बुधवारी पट्टा धाडकन थांबला. मामांच्या भुवया सवयीने चढल्या; समोर फक्त भिंत होती. मागून भाचीचा आवाज आला, "झाकणं सैल बसताहेत. फिटरकाका, जरा बघा." पाना खडखडला, कोणीतरी हसलं, पट्टा पुन्हा सुरू झाला. मामांना कोणी हाकसुद्धा मारली नाही. ते त्यांना फार लागलं.

सुटल्यावर त्यांनी भाचीला विचारलं, "दोरी ओढताना भीती नाही वाटली?"

"वाटली ना. आधी तुमच्याकडेच बघितलं. पाठ दिसली, मग ओढली."

दुसऱ्या दिवशी मामा आपणहून भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.

पुढे दोरी कोणी ना कोणी ओढतच राहिलं आणि परत येणारी खोकी थांबली. "पाळी वाचली. आता वळा, मामा," बाई सांगायला आल्या.

"राहू द्या," मामा भिंतीकडे बघतच म्हणाले. "भुवया अजून ऐकत नाहीत."